पुतळ्याच्या पोटातून जाणारी एसटी

जामखेडहून मांजरसुंब्याकडे निघालं की वाटेत पाटोदा लागतं. बालाघाटच्या डोंगररांगेतलं हे बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मांजरा नदी उगम पावते ती याच तालुक्यात. इथल्या बाजारपेठेत, भर दुपारी, एखाद्या साडीच्या दुकानासमोर उभं राहा आणि दर्शनी काचेकडे नीट बघा. काचेमागे पैठणी नेसवलेला पुतळा आहे. पण त्याच्या खांद्यावरून विजेची तार गेली आहे, चेहऱ्यावर ढगाचा तुकडा आहे आणि पोटातून, अगदी आरपार, एसटी चालली आहे!

असं दृश्य रोज आपल्यासमोरून जातं. मग आपण दचकत का नाही?

कारण आपला मेंदू भलता कामसू आहे. डोळ्यांत शिरतं त्यातलं बरंचसं तो बाजूला सारतो आणि कामाचं तेवढं आपल्यापुढे ठेवतो. साडी बघायची असेल तर काचेवरचा रस्ता तो पुसून टाकतो. केस सारखे करायचे असतील तर साड्या पुसतो आणि आपला चेहरा ठेवतो. त्याला दोन डोळ्यांची मदत असते. पुतळा किती लांब आहे आणि काचेतली एसटी किती लांब भासते, हे दोन डोळ्यांच्या दोन नजरांतून त्याला उमगतं. मान जरा हलली की दोन्ही दृश्यं एकमेकांवरून सरकतात आणि कोणतं कुठलं याचा निवाडा तिथल्या तिथे होतो. आपल्याला त्याची खबरसुद्धा नसते.

आता खिशातला मोबाइल काढा आणि त्याच जागेवरून फोटो घ्या. भिंगाला डोळा एकच. त्याला साडी घ्यायची नाही, केसही विंचरायचे नाहीत. समोरून आलेला प्रकाश काचेतून आला की काचेवरून परतला, याची चौकशी तो करत नाही. आला तसा टिपतो. फोटोत पुतळ्याच्या पोटातून एसटी खरोखरच जाताना दिसते. कुणी काही जोडलं नाही, कुणी काही खोडलं नाही. यंत्राने समोर होतं ते इमानदारीने नोंदवलं, आणि निघालं काय, तर स्वप्न!

अशा स्वप्नासारख्या चित्रांच्या कलेला अतिवास्तववाद म्हणतात, आणि तो म्हटला की आपल्याला साल्वादोर दालीची वितळलेली घड्याळं आठवतात. मनात येईल ते रंगवायला चित्रकार मोकळाच असतो. पण कॅमेरा? तो तर समोर असेल तेवढंच घेतो. मग शंभर वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या स्वप्नवेड्या मंडळींना हेच आज्ञाधारक यंत्र इतकं का आवडलं? आणि ते घेऊन ती मंडळी शहरातल्या रस्त्यांवरच का भटकली? उत्तर शोधायला आधी त्या काचेकडेच जाऊ.

साध्या काचेला दोन पृष्ठभाग असतात, पुढचा आणि मागचा. समोरून पडलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्के भाग प्रत्येक पृष्ठभाग परतवतो. म्हणजे दोन्ही मिळून जेमतेम ८ टक्के प्रकाश परत येतो, बाकीचा बहुतेक आरपार जातो. आता गंमत बघा. भर दुपारच्या उन्हात रस्त्यावरचा प्रकाश १,००,००० लक्सच्या घरात असतो आणि ट्यूबलाइटच्या उजेडातल्या दुकानात तो असतो काही शे लक्स. एक लाखाचे ८ टक्के म्हणजे ८,०००! काचेने नुसता उरलासुरला प्रकाश परतवला तरी तो दुकानातल्या सगळ्या उजेडाला भारी पडतो. म्हणून दुपारी काच आरशासारखी वागते. अंधार पडला आणि दुकानात दिवे लागले की हिशेब पार उलटा होतो. काच जणू उरतच नाही. आणि मधे, दिवेलागणीच्या सुमाराला, काही मिनिटं अशी येतात की आतलं जग आणि बाहेरचं जग दोन्ही तुल्यबळ असतात. फोटो काढायचा तर तेव्हा काढावा!

याहून मोठं नवल दुपारीच अनुभवता येतं. काचेच्या अगदी जवळ जा. बाहेरचं लख्ख ऊन काचेवर चमकत असतं, पण तुमच्या अंगाची काचेकडची बाजू सावलीत असते, म्हणून काचेत ती काळपट दिसते. तेवढ्या भागात चमक पडत नाही आणि तिथून दुकानाच्या आतलं दिसू लागतं. म्हणजे तुमच्या आकाराची एक खिडकी तयार होते. मोबाइलच्या दुकानासमोर उभे असाल, तर काचेतल्या तुमच्या आकृतीत काळजाच्या जागी चार्जर लटकत असतात. भांड्यांच्या दुकानासमोर असाल, तर पोटात पातेल्यांची चळत. कोणत्याही चित्रकाराला याहून विलक्षण काय सुचणार?

पॅरिसमध्ये एक माणूस अशा काचांचे फोटो काढत होता आणि त्यातून आपण काही विलक्षण करतोय असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. त्याचं नाव युजीन आत्जे. जन्म १८५७ चा. आधी नाटकांत कामं केली, ती काही धड चालली नाहीत. मग त्याने एक जड लाकडी कॅमेरा घेतला आणि जुनं पॅरिस टिपायला सुरुवात केली: गल्ल्या, जिने, दारांच्या कड्या, दुकानांच्या दर्शनी काचा. गिऱ्हाईक कोण? चित्रकार, नेपथ्यकार, संग्रहालयं. त्यांना संदर्भाला चित्रं हवी असत, हा ती पुरवत असे. १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचेच्या प्लेटा, कॅमेऱ्याचा स्टँड, हे सगळं ओझं घेऊन तो तीस वर्षं पॅरिस पालथं घालत राहिला.

त्याच्या प्लेटेला पुरेसा प्रकाश मिळायला बऱ्याचदा काही सेकंद लागत. एवढ्या वेळात घरं जागची हलत नाहीत, पण चालणारा माणूस पुढे निघून जातो. कुठल्याच एका जागी तो इतका थांबत नाही की प्लेटेवर त्याची नोंद व्हावी. परिणाम? गजबजलेलं शहर फोटोत ओसाड दिसतं. कुणी चालता चालता मधेच जरा थबकला असेल, तर त्याची अर्धवट, आरपार दिसणारी आकृती उमटते. आत्जेने भुतं शोधली नव्हती. संथ प्लेट आणि घाईतलं शहर यांच्या गाठीतून ती आपोआप जन्मली.

आत्जे राहायचा त्याच रस्त्यावर मॅन रे नावाचा अमेरिकन कलावंत राहायला आला. मॅन रे अतिवास्तववाद्यांच्या गोटातला. त्याने म्हाताऱ्या आत्जेकडून काही फोटो विकत घेतले. १९२६ च्या जूनमध्ये त्यातला एक फोटो अतिवास्तववाद्यांच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. फोटो होता १७ एप्रिल १९१२ च्या सूर्यग्रहणाचा. पण सूर्य त्यात नाहीच! आहे ती फक्त चौकात जमलेली गर्दी. सगळ्यांच्या माना वर, सगळ्यांनी डोळ्यांपुढे काहीतरी धरलंय आणि सगळे एकाच दिशेला टक लावून बघताहेत. ग्रहण माहीत असेल तर ही साधी बातमी. मासिकाने मात्र त्याखाली धर्मांतराचा उल्लेख करणारी ओळ छापली आणि त्याच गर्दीला जणू आभाळातून साक्षात्कार होऊ लागला. फोटो तोच, माणसं तीच. काढून घेतलं ते केवळ कारण.

आणि आत्जे? त्याने मॅन रेला बजावलं की माझं नाव छापू नका, हे फोटो म्हणजे नुसत्या नोंदी आहेत. पुढच्याच वर्षी तो गेला.

ज्याला स्वप्नाशी काही देणंघेणं नव्हतं, त्याचेच फोटो स्वप्नाच्या शोधातल्या लोकांनी डोक्यावर घेतले, ते का? या मंडळींचा म्होरक्या आंद्रे ब्रताँ. १९२४ च्या जाहीरनाम्यात त्याने मांडलं की बुद्धीचा पहारा उठवला तर मनाच्या तळातलं खरं वर येतं. त्यासाठी ते भराभर, न थांबता, न खोडता लिहीत. आणि अशा लेखनाला ब्रताँने त्याआधीच विचारांचं छायाचित्रण म्हटलं होतं! म्हणजे माणसाने मोठ्या कष्टाने जे साधायचं, निवड न करता सगळं येऊ द्यायचं, ते कॅमेऱ्याला उपजतच येत होतं.

आता दुसरा प्रश्न. शहरच का?

छोट्या वस्तीत बहुतेक गोष्टींना ओळख असते. हा कुणाचा मुलगा, हा बैल कुणाचा, हा पार कुणी बांधला, सगळं ठाऊक असतं. शहरात मात्र ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही अशा गोष्टी रोज खेटून उभ्या राहतात. दवाखान्याच्या पाटीखाली फुलवाला, बँकेच्या पायरीवर झोपलेला माणूस, सिनेमाच्या पोस्टरमधल्या नायिकेच्या डोळ्यासमोर वाळत घातलेली चादर. हे कुणी ठरवत नाही. म्हणून अतिवास्तववादी पॅरिसमध्ये मुद्दाम वाट ठरवल्याशिवाय फिरत, जुन्या बाजारात वस्तू धुंडाळत. ब्रताँने १९२८ मध्ये ‘नादजा’ हे पुस्तक काढलं, त्यात शहरातल्या चौकांचे, हॉटेलांचे, दुकानांचे फोटो घातले. ते बरेचसे झाक-आंद्रे बुआफार याने काढलेले, आणि अगदी साधे. वाचून झाल्यावर त्या रिकाम्या चौकाकडे पाहिलं की वाटतं, इथे काहीतरी घडून गेलंय किंवा आता घडणार आहे.

या शहरी शोधातलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण एका बसच्या तिकिटाचं आहे. बसमध्ये बसल्या बसल्या आपण तिकिटाची सुरळी करतो. पूर्वी कंडक्टर पेटीतून तिकीट काढून पंच करून देई, आता यंत्रातून कागदी पट्टी निघते. पण बोटांचा चाळा तोच. १९३३ मध्ये दाली आणि छायाचित्रकार ब्रासाई यांनी अशीच एक खिशात सापडलेली सुरळी घेतली आणि अगदी जवळून, प्रकाश टाकून तिचा फोटो काढला. तिकीट एकदम प्रचंड झालं! त्याला कडे आले, गुहा आल्या, एखाद्या प्राचीन शिल्पाचा डौल आला. अशा फोटोंना त्यांनी नाव दिलं ‘अनैच्छिक शिल्पं’. प्रवाशाचं मन भलतीकडेच होतं आणि त्याची बोटं मूर्ती घडवत होती. उतरताना आपण ती फेकून देतो.

याच मंडळींच्या कॅफेतल्या बैठकींना एक लाजाळू तरुण कोपऱ्यात बसून ऐकत असे. तो म्हणजे ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ. १९३२ मध्ये त्याने पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनामागे कुंपणाच्या फटीतून एक फोटो काढला. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतोय, टाच पाण्याला टेकणार एवढ्यात शटर उघडलं आणि मिटलं. हे सगळ्यांना दिसतं. पण मागच्या भिंतीवर बघा: तिथे एक पोस्टर आहे आणि त्यातली नर्तकी तशीच झेपावते आहे! खाली पाण्यात उडी मारणाऱ्याचं प्रतिबिंब, वर कागदावर त्याची जोडीदारीण. त्या माणसाला पोस्टरची खबर नाही, पोस्टरला त्या माणसाची नाही. दोघांची भेट फक्त फोटोत झाली.

हे सगळं पॅरिसचं. आपल्याकडे? आपल्याकडे तर अतिवास्तववाद हे नाव जन्मण्याच्या कितीतरी आधी मुंबईत विलक्षण चित्रं तयार होत होती!

१८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्यातले एक उत्साही छायाचित्रकार. संस्थापकांमध्ये विल्यम जॉन्सन नावाचा इंग्रज होता. मुंबईत कुठून कुठून आलेले लोक राहतात याचं त्याला अप्रूप. त्या सगळ्यांचे फोटो जमवून त्याने १८६० च्या दशकात दोन खंड लंडनहून प्रसिद्ध केले. त्यातला दुसरा महाराष्ट्राचा. पण तेव्हाच्या, ओलं रसायन लावलेल्या संथ प्लेटेला रस्त्यावरची वर्दळ झेपत नसे. मग जॉन्सनने काय केलं? माणसांना एका जागी स्थिर उभं करून टिपलं, मुंबई परिसरातली दृश्यं वेगळ्या निगेटिव्हवर घेतली आणि छापताना दोन्ही एकत्र आणली. त्याला हवी होती शास्त्रशुद्ध नोंद. झालं असं की माणसं एका उजेडात आणि मागचं गाव दुसऱ्या उजेडात. समोर ठाशीव, रोखून बघणारी मंडळी, मागे ती कधी उभीच नव्हती अशी जागा. आज ती पानं बघताना वाटतं, मुंबईत नव्याने आलेल्या माणसाचा हा नेमका फोटो आहे. पाय एका ठिकाणी, मागचा देखावा भलत्याच ठिकाणचा.

मग मुंबईला हलती चित्रं भेटली. या हलत्या चित्रांची एक हकीकत पुन्हा पॅरिसच्या रस्त्यावरचीच आहे. जॉर्ज मेलिएस हा जादूगार ऑपेराच्या चौकात चित्रण करत होता. मधेच फिल्म अडकली. ती सोडवून त्याने पुन्हा हँडल फिरवायला सुरुवात केली. नंतर पडद्यावर पाहतो तर चौकातून जाणारी प्रवासी गाडी क्षणात शववाहिनी झालेली! मधल्या वेळात गाडी निघून गेली होती आणि त्याच जागी दुसरी आली होती, एवढंच. ही हकीकत मेलिएसनेच पुढे सांगितली.

आणि आपला जादूगार? त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके. आधी फोटोग्राफर, मग एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करणारे. १९१२ मध्ये, आत्जे ग्रहण बघणारी गर्दी टिपत होता त्याच वर्षी, फाळके लंडनहून परतले आणि कॅमेरा हाती आल्यावर त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप थोडं थोडं टिपत नेलं. पडद्यावर वाटाणा बघता बघता उगवला आणि वेल झाला. पुढे ‘श्रीकृष्णजन्म’ मध्ये कंसाचं डोकं धडावेगळं होऊन पुन्हा जाग्यावर बसलं.

अशा करामती होतात कशा? तर त्यांतली एक मोठी युक्ती आहे काळ्या रंगाची. फिल्म म्हणजे पाटी समजा. काळ्या मखमलीतून भिंगाकडे जवळजवळ प्रकाशच येत नाही, म्हणून तेवढी पाटी कोरी राहते. फिल्म मागे गुंडाळायची आणि कोऱ्या जागेवर दुसरं दृश्य लिहायचं. फिल्मला काळ कळत नाही. सकाळचं आणि संध्याकाळचं ती शेजारी शेजारी ठेवते. तालुक्याच्या गावांतल्या स्टुडिओंत ‘डबल रोल’चे फोटो निघायचे ते याच तत्त्वावर. अर्धं भिंग काळ्या पुठ्ठ्याने झाकायचं, गिऱ्हाइकाला डावीकडे बसवून टिपायचं, मग पुठ्ठा फिरवून त्यालाच उजवीकडे. फोटोत एकच माणूस स्वतःशीच हात मिळवतोय!

पॅरिसचा धागा पुढे थेट मुंबईपर्यंत आला. १९६६ मध्ये जयपूरला कार्तिए-ब्रेसाँ काम करत असताना एका तरुणाने त्याला जवळून पाहिलं. त्याचं नाव रघुबीर सिंग. पुढे त्यांनी भारतातली शहरं रंगीत फिल्मवर टिपली आणि १९९४ मध्ये मुंबईवर त्यांचं पुस्तक आलं. त्या मुंबईत दुकानांच्या काचा आहेत, दारं आहेत, प्रतिबिंबं आहेत. आतलं कोणतं आणि बाहेरचं कोणतं हे कळायला डोळ्यांना घटकाभर वेळ लागतो. हावड्याला फुटपाथवर मांडलेल्या आरशांचा त्यांचा १९९१ चा फोटो तर बघतच राहावा. अख्खी गर्दी आरशांत तुकड्या-तुकड्यांनी वाटली गेली आहे.

पण मग आज हे सगळं मोठ्या शहरांपुरतंच आहे का? मुळीच नाही. पाटोद्याला आता नगरपंचायत आहे. ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या या मुलखात दसरा-दिवाळीनंतर माणसांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपला की परततात. येताना आणि जाताना दूरची गावं, दूरच्या वस्तू, दूरची स्वप्नं इथल्या रस्त्यावर येऊन मिसळतात. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स घ्या. त्यावरचा प्रत्येक चेहरा वेगळ्या दिवशी, वेगळ्या उजेडात टिपलेला, मागे वाघ, वर किल्ला. जॉन्सनने निगेटिव्ह जुळवून केलं तेच इथे संगणकावर थर रचून होतं. त्या फ्लेक्सखाली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून एखादं कुटुंब संसारासकट कारखान्याकडे निघालं असेल, तर दोन्ही एका चौकटीत येतात. अशा फोटोला अतिवास्तव म्हणावं, कारण वास्तवच तिथे स्वतःपेक्षा मोठं होऊन उभं राहतं. मात्र तो काढणाऱ्याने ट्रॉलीतल्या माणसांना विचारावं, त्यांचा मान राखावा. ती कुणाच्या चित्रातली सजावट नव्हेत.

आणि हे सारं आत्ताच बघायला हवं, याला कारण आहे. कॅमेरे बदलत आहेत. मोबाइल आता एका फोटोसाठी अनेक चौकटी घेतो, त्यांतलं नीट तेवढं निवडून जोडतो. काचेवरचं प्रतिबिंब पुसणारी सोयही काही फोनमध्ये आली आहे. म्हणजे शंभर वर्षं जे यंत्र निवड करत नव्हतं, ते आता आपल्या मेंदूसारखं निवडू लागलंय. दुसरीकडे, संगणकाला नुसतं सांगितलं की तो कोणतंही स्वप्न चित्रात उतरवून देतो. मग पुतळ्याच्या पोटातली एसटी कशाला शोधायची? सांगितली की मिळाली!

मिळेल, पण ती आपण मागितलेली असेल. आत्जेची गर्दी, स्टेशनामागची उडी, खिशातली सुरळी यांची गंमत अशी की त्या कुणीच मागितल्या नव्हत्या. कल्पनेला जे सुचलं नसतं ते रस्त्यावर आधीच हजर होतं आणि कॅमेऱ्याने त्याची साक्ष दिली. आपण मागून मागून मागणार किती? आपल्याला ठाऊक असेल तेवढंच. जग मात्र आपल्या ठाऊकपणाच्या पलीकडचं रोज देतं, तेही फुकट, अगदी तालुक्याच्या बाजारपेठेतसुद्धा. तेव्हा प्रतिबिंब पुसणारं बटण बंद ठेवा, काचेसमोर थोडं जास्त वेळ थांबा आणि मेंदूने फेकून दिलेलं एकदा कॅमेऱ्याला उचलू द्या.